ताईंची तीन ते पाच

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणीला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतेय? तोंडाला सवय व्हावी म्हणून. थोड्या वेळाने हेच सगळं एका बाईसमोर बसून बोलायचंय, आणि मी स्वतःला चांगली ओळखते — आयत्या वेळी पाण्याची बाटली भरायच्या निमित्ताने उठून जाणारी बाई आहे मी. म्हणून आधी इथे. एकदा तरी सगळं, न गाळता.

माझं नाव प्रज्ञा. अंबरनाथला आमच्या वस्तीत विहार आहे, आणि विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका. पंधराएक टेबलं, दोन पंखे — त्यातला एक नुसताच आवाज करतो — आणि भिंतीवर बाबासाहेबांचा मोठा फोटो. फी नाही. चपला जिन्याखाली काढायच्या, फोन सायलेंट ठेवायचा, बस्स. घरी एका खोलीत पाच माणसं आणि शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज, त्यामुळे माझं कॉलेज निम्मं तिथेच झालं. दोन वर्षांपूर्वी मी तिथेच बसून लिपिकाच्या भरतीची तयारी करत होते. पप्पांची कंपनी बंद पडली होती. क्लास लावायचा विषयच नव्हता.

तेव्हा मोबाईलवरचा एआय नवीन नवीन होता. काय सांगू, पहिल्यांदा गणित विचारलं आणि त्याने पायरी पायरीने सोडवून दाखवलं तेव्हा मला अक्षरशः रडू आलं. क्लासवाले ज्यासाठी हजारो रुपये घेतात ते माझ्या हातात! पण फुकटातला जो होता तो चार प्रश्नांत दमायचा. आता उद्या या, म्हणायचा. पैसे भरले तर भरपूर विचारता यायचं, पण दर महिन्याला तेवढे पैसे एकटीने भरायचे म्हणजे घरात कुणाच्या तरी औषधाला कात्री.

तोडगा काढला कशिशने. कशिश उल्हासनगरची, सिंधी, सीएच्या पहिल्या परीक्षेला बसणारी. घराखाली त्यांचं कपड्यांचं दुकान, दिवसभर गिऱ्हाइकांचा कल्ला, म्हणून ती रविवारी आमच्याकडे अभ्यासाला यायची. ती म्हणाली, एकच खातं घेऊ, तीन पत्त्या करू. पत्ती म्हणजे धंद्यातला वाटा — तिच्या घरात उठता-बसता हाच शब्द. ते नियमात बसतं का, हे आम्ही कुणी वाचलं नाही. कोण वाचतं? पैसे तिच्या भावाच्या कार्डावरून जायचे आणि खातं माझ्या ईमेलवर उघडलं, कारण पासवर्ड-बिसवर्ड मला बरं कळतं असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता.

दोन पत्त्या झाल्या. तिसरी सुगंधाताईंची.

ताईंबद्दल नीट सांगायला हवं. त्या अंगणवाडीत मदतनीस. वय तेव्हा अडतीस. माहेर बदलापूरजवळच्या चामटोलीचं, लग्न होऊन अंबरनाथला आल्या त्याला वीस वर्षं झाली, तरी बोलण्यातला ‘गो’ काही गेला नाही. सकाळी घराघरांतून पोरं गोळा करायची, खिचडी वाढायची, भांडी घासायची, पोरांची नाकं पुसायची. आणि खरं सांगायचं तर सेविकाबाईंच्या निम्म्या नोंदवह्यासुद्धा ताईच भरायच्या — कुठल्या पोराचं वजन किती वाढलं हे त्यांना तोंडपाठ. सेविकाबाई रिटायर व्हायला आल्या होत्या. ती जागा ताईंना मिळू शकत होती, एका अटीवर. बारावी पास. ताई दहावीवर थांबलेल्या. म्हणून त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावीला बसायचं ठरवलं होतं, आणि अंगणवाडी सुटली की त्या अभ्यासिकेत येऊन खिडकीजवळच्या टेबलावर बसायच्या. कॉलेजच्या पोरींमध्ये एकटी साडीतली बाई. पोरी हसायच्या. मी हसायचे नाही — निदान तोंडावर तरी नाही.

खात्याला मर्यादा होती. तासाभरात फार विचारलं की तो थांबायचा, मग दोन-तीन तास कुणालाच काही मिळायचं नाही. म्हणून आम्ही वेळा वाटल्या. सकाळ माझी, तीन ते पाच ताईंची, पाच ते सात परत माझी, रात्र कशिशची. आणि एक नियम. खातं एक असल्यामुळे सगळ्यांनी विचारलेलं सगळ्यांना दिसायचं. प्रत्येकीने आपल्या गप्पांना आपलं नाव द्यायचं आणि दुसरीचं उघडायचं नाही. एका गोदरेजच्या कपाटात तीन जावांचे तीन खण असतात ना, तसं. कुलूप नाही, पण कुणी कुणाचा खण उघडत नाही.

मी उघडला.

का उघडला? एके दिवशी पाच वाजता माझी वेळ सुरू झाली आणि मर्यादा संपलेली. ताईंनी सगळं वापरून टाकलेलं. माझं डोकंच सटकलं. एवढं काय विचारते ही बाई, म्हणून बघितलं.

ताईंना टाईप करायला जमायचं नाही. त्या माईक दाबून हळू आवाजात बोलायच्या आणि ते जसंच्या तसं उमटायचं. त्या त्याला ‘सर’ म्हणायच्या. ‘सर, परत सांगा.’ ‘सर, अजून सोपं सांगा, अंगणवाडीच्या पोराला सांगतात तसं.’ ‘सर, रागवू नका हां, मला नाय समजलं.’ एकच गोष्ट सात-आठ वेळा. आणि तो प्रत्येक वेळी नव्याने समजावत होता, न कंटाळता. मला काय वाटायला हवं होतं? मला हसू आलं. हो, मी तिथे बसून तोंडावर ओढणी धरून हसले. आमची मर्यादा या बाईच्या ‘परत सांगा’मध्ये जाते, असं मनात म्हटलं. ‘आमची’. ताईंची पत्ती माझ्याइतकीच होती, तरी माझ्या मनात ते ‘आमचं’ होतं आणि त्या पाहुण्या होत्या. हा माझा पहिला गुन्हा, आणि तो मला अजूनही सगळ्यात घाण वाटतो.

मग सवयच लागली. रोज वाचायचे. एके ठिकाणी त्या बोलल्या होत्या, ‘सर, प्रज्ञाला विचारलं असतं पण ती लय हुशार हाय, तिच्यापुढं माझी जीभच उचलत नाय.’ हेही वाचलं. तेव्हा तरी शरम वाटावी की नाही? मला बरं वाटलं. लाडू खाल्ल्यासारखं.

इंग्रजीला त्या फार घाबरायच्या. पत्रलेखनाला मार्क असतात म्हणून त्या एकाच पत्राचा सराव करत होत्या — सेविकेच्या जागेसाठीचा अर्ज. रोज एक. आधी सगळं मराठीत बोलायच्या, मग तो इंग्रजी करून द्यायचा, मग स्वतः प्रयत्न करायच्या, मग तो चुका काढायचा. पहिल्या पत्रात एक ओळ धड नव्हती. चौथ्या-पाचव्या महिन्यातलं पत्र मी दोनदा वाचलं. चांगलं होतं हो. खरंच चांगलं होतं. आपण पोरांची वजनं तोंडपाठ ठेवतो, हेसुद्धा त्यात इंग्रजीत आलं होतं.

वहीत त्या फारसं लिहायच्या नाहीत. म्हणायच्या, माझी वही ह्याच्यातच हाय गो, पायजे तेव्हा काढते आन् ऐकते. हे वाक्य लक्षात ठेवा.

माझी परीक्षा तीन आठवड्यांवर आली. ताईंची बारावी त्यानंतर महिन्याने. मला तीन ते पाच हवे होते. सरळ मागता आले असते — ताई नाही म्हणाल्या असत्या का? मागायचं सोडून मी काय केलं, तर पासवर्ड बदलला. ईमेल माझाच, दोन मिनिटांचं काम. सगळ्या फोनांवरून खातं बाहेर. दुसऱ्या दिवशी ताई तीन वाजता आल्या, फोन चालू करून बघितला, बंद करून परत चालू केला, मग माझ्याजवळ आल्या. मी तयारच होते. म्हटलं, ताई, कंपनीने पकडलं. एका खात्यावर तिघी चालत नाहीत, बंद केलं. सगळं गेलं.

त्यांचा चेहरा... नको, चेहऱ्याचं वर्णन करत नाही. मी तेव्हा नीट बघितलाच नव्हता, टेबलाकडे बघत होते. पण त्या काय बोलल्या ते ऐकलं. ‘माझा जाऊ दे गो. तुझा पन गेला आसंल ना सगला? तुझी तर परीक्षा तोंडावर.’ आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

कशिशचं तोंड बंद करायला दुसरं खोटं. नवा पासवर्ड तिला दिला आणि सांगितलं की ताईंनी स्वतःच सोडलं, त्यांना जमत नाही, लाज वाटते. त्यांच्यासमोर विषय काढू नकोस. कशिश स्वभावाने चांगली. तिने कधीच काढला नाही. तिच्या चांगुलपणाचासुद्धा मी असा वापर केला, आहे ना कमाल?

त्यानंतर ताई येतच राहिल्या. जुन्या बाजारातून आणलेलं गाईड घेऊन त्याच खिडकीजवळ. बोट ठेवून एकेक ओळ वाचायच्या. आणि तीन ते पाच, त्यांच्यापासून चार टेबलं लांब, मी टेबलाखाली फोन धरून त्यांच्या वाट्याचं विचारून घ्यायचे. त्या पाणी प्यायला उठल्या की फोन पालथा.

माझी निवड झाली. अभ्यासिकेच्या फळ्यावर माझं नाव लागलं, आईने वस्तीत पेढे वाटले. ताई इंग्रजीत नापास झाल्या. थोडक्यात गेलं. बाकी सगळ्या विषयांत पास. पुरवणी परीक्षा होती, पण तोवर सेविकाबाई रिटायर झाल्या आणि जागा भरली गेली. नवीन सेविका तेवीस वर्षांची आहे. समजतंय ना? ती रिटायर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी ताई रिटायर होतील. त्या अंगणवाडीत ताईंचा नंबर आता कधीच लागणार नाही. त्या तेवीस वर्षांच्या मुलीला नोंदवह्या कशा भरायच्या हे कुणी शिकवलं असेल, सांगा बघू?

एआय असता तर ताई पास झाल्याच असत्या, असं कोण छातीठोक सांगणार? तशाही नापास झाल्या असत्या, हे वाक्य मी दोन वर्षं स्वतःला ऐकवतेय. आता बस झालं. ते खरं असो की नसो, मी जे केलं ते बदलत नाही.

मला नोकरी लागल्यावर ताई घरी आल्या होत्या. माहेरच्या शेतातल्या वालाच्या शेंगा घेऊन, पिशवीभर. ‘जय भीम, मॅडम!’ म्हणून दारातूनच चेष्टा. आई त्यांना म्हणाली, तुमच्यासारख्या मोठ्या बहिणी भेटल्या म्हणून आमची पोरगी पुढे गेली. मी आत चहा ठेवत होते. दूध उतू गेलं तरी बाहेर आले नाही.

आता तुम्हाला वाटेल, झालं, सांगितलं हिने. नाही. इथपर्यंतचं मी मनातल्या मनात बऱ्याचदा बोललेय. राहिलंय ते पुढचं.

मी नुसता पासवर्ड बदलला नाही. ताईंच्या सगळ्या गप्पा पुसल्या. कशिशला म्हटलं होतं ना, ताईंनी सोडलं, मग त्यांचं तिथे काही दिसायला नको होतं. एकेक पुसावी लागते. प्रत्येक वेळी तो विचारतो — नक्की पुसायचं? हो. नक्की? हो. त्यांची वही होती ती. सहा महिन्यांचं ‘परत सांगा’, सगळे अर्ज, ते चांगलं पत्रसुद्धा. ताई परत फुकटातल्यावर शिकल्या असत्या, गाईडवरून शिकल्या असत्या, पण मागे वळून ऐकायला काही उरलंच नव्हतं.

आणि सगळ्यात वरची, म्हणजे शेवटची गप्प पुसायच्या आधी मी ती उघडली. सवय. त्याच दिवशीच्या पाचच्या सुमाराची होती. त्यात अभ्यासाचं काही नव्हतं. ताईंनी विचारलं होतं — ‘सर, प्रज्ञाची परीक्षा जवळ आली हाय. माझी तीन ते पाच मी तिला द्यावी म्हणते. माझ्या परीक्षेला टाईम हाय, मी सकालची उठून काय ते वाचीन. पन ती मानी पोरगी हाय, तशी घेनार नाय. तिला वाईट न वाटता कसा सांगू?’ आणि त्याने सुचवलं होतं, की सांगा, अंगणवाडीत काम वाढलंय, तीन आठवडे तुम्हाला यायला जमणार नाही, वेळ वाया जाण्यापेक्षा तिने वापरावी. ताईंचा शेवटचा शब्द होता, ‘बरा. उद्या सांगते.’

हे मी वाचलं. पूर्ण वाचलं. थांबता आलं असतं. पासवर्ड परत जुना करायला दोन मिनिटंही लागली नसती. ताईंना काही कळलंही नसतं. पण मग दुसऱ्या दिवशी त्यांनी ते काम वाढल्याचं नाटक केलं असतं, आणि मला ते उपकार घ्यावे लागले असते. अंगणवाडीत भांडी घासणाऱ्या, पॅसिव्ह व्हॉइस सात वेळा विचारणाऱ्या बाईचे उपकार. ते मला नको होतं. चोरी चालत होती, दान चालत नव्हतं. मी ‘नक्की?’ला ‘हो’ म्हटलं.

हेच ते. ह्याच्यापलीकडे काही राहिलेलं नाही.

आजच का, तर गेल्या महिन्यात विहाराच्या कमिटीने ठरवलं की अभ्यासिकेसाठी कमिटीच्या खर्चाने एआय घ्यायचा. मीच मागे लागले म्हणून ठरवलं, हे खरं आहे. अर्ज मी लिहिले, दुकानदारांकडे वर्गणीला मी फिरले, उल्हासनगरच्या तिच्या गल्लीत कशिश माझ्याबरोबर फिरली. प्रत्येकाचं खातं वेगळं, पासवर्ड वेगळा, कुणाला कुणाचं दिसणार नाही, कुणी कुणाला बाहेर काढू शकणार नाही — एवढ्या एका गोष्टीवर मी कमिटीशी भांडले. स्वस्तात पडतं म्हणून ते एकच घेऊ म्हणत होते. मी ऐकलं नाही. रविवारी उद्घाटन आहे आणि त्यात माझा सत्कार ठेवलाय. शाल, गुलाबाचं फूल, दोन शब्द. ताईंनी स्वतः सांगितलं की शाल मी घालणार, माझ्या हाताने. तो सत्कार होणार नाही. अध्यक्षांना सकाळीच फोन करून सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, रविवारी सगळ्यांसमोर सांगेन. पण आधी ताईंना. त्यांना हे गर्दीत कळता कामा नये.

मी आज ऑफिसला अर्धी रजा टाकलीये. खिडकीजवळच्या टेबलावर बसलेय, समोरची खुर्ची रिकामी. ताई येतील. यंदा परत इंग्रजीला बसतायत. जागा नाही, बढती नाही, तरी बसतायत. का, विचारलं तर म्हणतात, सुरू केलाय तर पुरा करते गो.

मी त्यांची माफी मागणार नाही. गैरसमज करून घेऊ नका — माफी मागितली की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ताई काय उत्तर देतील हे मला माहीत आहे, त्या पाठीवर हात फिरवतील. ते मी होऊ देणार नाही. मी फक्त सांगणार. जे जे पुसलं त्यातलं जे आठवतं ते सगळं सांगणार, त्या चांगल्या पत्रासकट. त्यातली वाक्यं मी काल आठवून आठवून कागदावर लिहिलीत, तो कागद त्यांना देणार. त्यांनी आईला सांगितलं, वस्तीत सांगितलं, माझ्या ऑफिसात येऊन सांगितलं तरी ती त्यांची मर्जी.

पहिलं वाक्य ठरवलंय. ‘ताई, तुम्ही तुमची वेळ मला देणार होता, हे मला तेव्हाच माहीत होतं.’ बाकीचं त्याच्यामागून येईलच.

पाण्याची बाटली भरून ठेवलीये, उठायला कारण नको म्हणून. खाली जिन्याशी कुणीतरी चपला काढतंय. तीन वाजले. ताईंची वेळ.